सातशे दोनच्या पुढची नदी

२ नोव्हेंबर

चि. विसरभोळीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी, मुंगीच्या पायांसारखं बारीक अक्षर. पाकिटावर ठळक लिहिलेलं म्हणे, 'खाजगी. फक्त आजीनेच वाचावे.' बरं बाई. दार लावलं, चष्मा पुसला आणि तासभर ती पानं कधी सुलटी, कधी उलटी धरून बसले. अगं, तुझ्या आजीला एक अक्षर येत नाही हे विसरलीस, की इतक्या वर्षांत मी गुपचूप शिकले असेन असं वाटलं तुला? शेवटी शेजारच्या टायपिस्टबाईंना बोलावलं. तेव्हा तुझ्या खाजगी गोष्टी आता आम्हा दोघींच्या खाजगी आहेत. त्या उंच इंजिनिअरला नाही म्हणालीस ते बरं केलंस, असं बाईंचंही मत पडलं.

हे पत्रही बाईच टाइप करतायत. चाळीस वर्षं कोर्टात लोकांच्या साक्षी टाइप केल्या त्यांनी. हात पाण्यासारखा चालतो. खोड एकच, कानावर पडेल ते सगळं कागदावर उतरवतात. मी खोकले तरी टाइप करतील. (आजी आत्ता खोकल्या. टायपिस्ट.) बघितलंस?

आता मुद्द्याचं. तुझी स्मरणशक्ती मला ठाऊक आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. विणकर संघाकडे वाचनालयाच्या नव्या दालनाचा गालिचा आलाय. नक्षी माझी, नदीची. एक हजार सहाशे चाळीस ओळी. खाली कोपऱ्यात उगम, वर पूर्ण रुंदीभर समुद्र, मधे नऊ मासे, एकासारखा दुसरा नाही. मागावर चौघी बसतात आणि मी मागे स्टुलावर बसून सांगते: तीन निळे, एक पांढरा, दोन सोडा. मी सांगायचं, त्यांनी गाठ मारायची. नक्षी कागदावर नाहीच, ती माझ्या डोक्यात. जिला वाचता येत नाही तिच्या नदीवर पाय ठेवून लोक पुस्तकं वाचणार, एवढ्या एका मजेसाठी मी हे काम घेतलं.

सातशे दोन ओळी झाल्या. सध्या माग थांबलाय, लोकर यायची आहे. बसल्याबसल्या म्हटलं, तुझं ते कॉम्प्युटरातलं पान बघावं. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत आली होतीस तेव्हा ही सगळी नदी माझ्या तोंडून ऐकून तू कॉम्प्युटरात भरली होतीस. मी सांगायचे, तू टकटक करायचीस, आणि बटण दाबलं की एकेक ओळ रंगीत चौकटींची होऊन पडद्यावर यायची. मी म्हटलं होतं, हे कशाला, मी काय कुठे चाललेय? तू म्हणालीस, असू दे गं. तर ते असू दिलेलं आता जरा हवंय. सहज, उजळणीला.

संघाच्या चिटणिसाने ऑफिसात उघडून दाखवलं. पांढरं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नुसतं पांढरं. नदी गेली कुठे?

फोन करू नकोस. फोनवर तू 'हो हो' म्हणतेस आणि ठेवला की विसरतेस. पत्र समोर पडून राहतं, टोचतं. आणि या हिवाळ्यात अक्रोड पाठवू नकोस. मागचेच पडून आहेत. (मागचे मार्चमध्येच संपले. टायपिस्ट.)

तुझी आजी


९ नोव्हेंबर

प्रिय आजीस नमस्कार, आणि टायपिस्टबाईंनाही. (बाई, तो इंजिनिअर एवढा काही उंच नव्हता.)

आजी, नदी कुठे गेलेली नाही. पांढरं पान म्हणजे पान मेलेलं नाही. ते बोलतंय, पण ऐकणाऱ्याला त्याची भाषा कळत नाहीये.

नीट सांगते. ते पान एका भाषेत लिहिलेलं आहे. सर्व्हरवर, म्हणजे संघाच्या ऑफिसातल्या त्या मोठ्या कॉम्प्युटरवर, या भाषेचा एक दुभाष्या बसवलेला असतो. पान सांगतं, दुभाष्या समजून घेतो आणि सर्व्हरकडून काम करून घेतो. तू सांगतेस आणि मागावरच्या चौघी गाठी मारतात, तसंच. चिटणीसकाकांनी उन्हाळ्यात मला न विचारता नवा सर्व्हर आणला. त्यावर नवा दुभाष्या आहे. माझं पान दहा वर्षांपूर्वीचं, आणि दरम्यान त्या भाषेतले कितीतरी जुने शब्द काढून टाकलेत. पान जुन्या शब्दांत सांगतं, नवा दुभाष्या काही न बोलता उभा राहतो, आणि आपल्याला दिसतं पांढरं.

तू म्हणशील, मग पानच नव्या भाषेत लिही. ते मी अठरा वर्षांची असताना लिहिलंय, आणि तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते. आता त्यातलं अर्धं माझं मलाच कळत नाही. त्यापेक्षा जुना दुभाष्या परत आणणं सोपं. पण नव्या यंत्रावर चालेल असा तयार मिळत नाही, इतका जुना कुणी बनवून ठेवत नाही. त्याचा मूळ मजकूर मात्र मिळतो. तो आणायचा आणि त्याच यंत्रावर नव्याने घडवायचा. आम्ही त्याला कंपाइल करणं म्हणतो.

इथे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सर्व्हर सांभाळणं हीच माझी नोकरी, पण हे काम घरचं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत करते. यंत्रखोली इतकी थंड की स्वेटर घालून डबा खाते आणि इथूनच तारेवरून तुमच्या सर्व्हरमध्ये शिरते. घडवण्याआधी तो मजकूर घराची झडती घेतो. हे सामान आहे का, ते आहे का. एक नसलं की तिथेच बसकण मारतो. ते आणून दिलं की चार पावलं चालतो आणि पुन्हा बसतो. पाच दिवस हेच चाललंय. काल आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "हे पाण्याचं काम दिसत नाही." मी म्हटलं, "नदीचं आहे, साहेब." गेले.

पण आजी, तुला उजळणी कशाला? तुला झोपेतून उठवून आठशेवी ओळ विचारली तरी सांगशील. आणि दर रविवारी तूच फोन करायचीस, पाच आठवडे झाले, एकही नाही. मी ऑक्टोबरात येते म्हणाले आणि आले नाही, त्याचा राग ना? मला कळतं गं.

तुझी नात


१६ नोव्हेंबर

चि. विसरभोळीस आशीर्वाद.

राग आला असता तर तुला पत्र कशाला लिहिलं असतं? गप्प बसले असते. मी गप्प बसलेली तू कधी बघितली आहेस का? मग झालं तर.

दुभाष्याचं कळलं. बाईंनी दोनदा वाचून दाखवलं. पान सांगतंय आणि समोरचा नुसता उभा, हे ऐकून बराच वेळ मनात घोळत राहिलं. बिचारं पान.

आता इकडचं ऐक. परवा चिटणीस शेडमध्ये आला. हात मागे बांधून मागासमोर फिरला, दोनदा घसा साफ केला. म्हणाला, "आजी, माग किती दिवस थांबवणार? एप्रिलअखेर गालिचा द्यायचाय. मला एक तोड सुचलीय. झालेला अर्धा आपल्या डोळ्यांसमोर आहे. तोच आरशासारखा उलटा करून वर विणू. पोरींना बघून बघून जमेल. सांगायला कुणी लागणारच नाही."

मिरची उसळली. चौघींत ही सगळ्यात तिखट. लोखंडी पंजा, गाठी ठोकायचा, तसाच हातात. "म्हणजे काका, नदी निम्म्यावर येणार, आणि मागे वळून पुन्हा उगमाला जाणार?"

चिटणीस म्हणाला, "लोक वरून चालतील, वाचतील. नदी कुठे जाते ते कोण बघतंय?"

तेव्हा गोगलगाय बोलली. ही दिवसातून तीन वाक्यं बोलते, त्यातली दोन पाणी मागायला. म्हणाली, "मासे बघतील."

मी काय म्हणाले विचारशील. मी काही म्हणाले नाही. थोरपणा दाखवला.

तर मुदत पंधरा डिसेंबर. तोवर पुढची नक्षी मागासमोर आली नाही, तर सोळाव्या सकाळी माझी नदी उलटी फिरणार. पन्नास वर्षं नक्षी सांगितली मी. फुलं सांगितली, वेली सांगितल्या, एका खासदाराच्या बायकोच्या हट्टापायी हत्तीसुद्धा सांगितले. नदी एकदाच. ती समुद्राला मिळाल्याशिवाय मागावरून उतरायची नाही. तुझ्या त्या बसकण मारणाऱ्याला सांग, उठ म्हणावं.

लोकर आज-उद्या येईलच. (लोकर सप्टेंबरातच आली. टायपिस्ट.) बाई, हे खोडा. (टाइप झालेलं खोडता येत नाही.)

तुझी आजी


२४ नोव्हेंबर

प्रिय आजी,

जमलं! उठला तो!

सामानातली शेवटची एक वस्तू मात्र काही केल्या सापडेना. चित्र काढायचं सामान. पान ज्याच्या आधारे रंगीत चौकटी काढतं ते. तीन दिवस त्यात गेले. मग पंधरा तारीख आठवली, आणि झडतीला सांगितलं, ते राहू दे, त्याच्याशिवाय चल. चालला. मग घडवायला घेतलं. वीस मिनिटं पडद्यावरून मजकुराच्या ओळी धावत होत्या आणि मी डबा उघडून एक घास न खाता बघत बसले. मग चाचण्या लावल्या. मग बसवला, पण वेगळ्या खोलीत. नव्या दुभाष्याला हात लावला नाही, चिटणीसकाकांचं बाकीचं ऑफिस त्याच्यावर चालतं. सर्व्हरला एवढंच सांगितलं, नदीचं पान कुणी मागितलं की आतल्या म्हाताऱ्याला उठवायचं.

आणि पान बोललं, आजी! चौकटी नाहीत, पण अक्षरांत सगळं आलं. सातशे तीनपासून सोळाशे चाळीसपर्यंत, नऊशे अडतीस ओळी. तीन निळे, एक पांढरा, दोन सोडा, अगदी तू सांगतेस तसं. लगेच सगळं छापून सोबत पाठवतेय. आता कुणीही वाचून दाखवेल, चिटणीसकाकासुद्धा. तू स्टुलावर बसून फक्त मान डोलव.

लोकर सप्टेंबरात आली असेल तर माग काकांनीच थांबवलाय, हे मी ओळखलं. त्यांना वेगळं पत्र टाकलंय, चांगलं झोंबेल असं.

तुझी नात


२९ नोव्हेंबर

चि. विसरभोळीस,

आशीर्वाद आधी देते, कारण पुढे वेळ मिळेल असं वाटत नाही.

गठ्ठा मिळाला. उशीएवढा जाड. मी सुतळी सोडली, पहिलं पान उचललं, आणि काय बघते? अक्षरं! मला अक्षरं पाठवलीस? मला? आंधळ्याला आरसा भेट दिलास की गं. जे सोडून पुढे गेलीस ना, तेवढंच मला हवं होतं.

तरी तुझ्या कष्टांना मान म्हणून चिटणिसाला बसवला स्टुलावर. तुझं झोंबणारं पत्र त्याला पोचलं होतं, तोंड आधीच आंबलेलं. माग त्याने थांबवला नव्हता, पण ते असो. वाचायला लागला. संघाच्या सभेचं इतिवृत्त वाचावं तसं. "तीन निळे. एक पांढरा. दोन सोडा." सगळं एका पट्टीत. अगं, सांगण्याला ताल असतो. निळा लांबवायचा, पांढरा तोडायचा, 'सोडा' म्हणताना आवाज खाली टाकायचा, तेव्हा बोटांना कळतं कुठे आहोत. पोरी दर चार गाठींना मागे वळायच्या. त्याने एकदा नाक पुसलं आणि ओळ हरवली. दुपारपर्यंत दोन ओळी झाल्या, दोन्ही चुकल्या, संध्याकाळपर्यंत उसवल्या. सातशे दोन होत्या, सातशे दोनच आहेत.

मला चौकटी हव्यात. रंगीत, मोठ्या, लांबून दिसतील अशा. सोळा दिवस आहेत. येऊ-बिऊ नकोस, तुझं इथे काही काम नाही. काम तिथे आहे. झडतीला पुन्हा बसव आणि या वेळी कशावरही 'राहू दे' म्हणू नकोस.

तुझी आजी


२९ नोव्हेंबर, संध्याकाळी

प्रिय मुली,

हे पत्र तुझ्या आजींचं नाही, माझं आहे. त्यांच्या पाकिटातच घालते आहे, त्यांना न सांगता. चाळीस वर्षं मी दुसऱ्याने सांगितलेलं टाइप केलं, आपल्या मनाचं एक वाक्य कधी घातलं नाही. आज घालते.

चार ऑक्टोबरच्या सकाळी शेडमध्ये सातशे तिसरी ओळ सांगताना आजी 'निळा' म्हणाल्या. मग पुन्हा निळा. मग पांढऱ्याच्या जागीही निळा. मिरचीने सात निळ्या गाठी मारल्या आणि वळून बघितलं. आजींना कळत होतं की चुकतंय. हाताने 'नाही, नाही' करत होत्या, पण तोंडातून निळाच येत होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक बारीक नस. हातपाय चांगले आहेत, समज पूर्ण आहे. बोलणं गेलं होतं, ते थोडं थोडं परत येतंय. पण शब्द उशिरा येतो, आणि कधी भलताच येतो. रंग सांगायला गेल्या की अजूनही निळाच.

त्या फोनवर येत नाहीत त्याचं कारण हे. तुला जी पत्रं येतात ती एका बैठकीची नसतात. एका पत्राला तीन-तीन दुपारी जातात. एक शब्द अडला की मी शब्द सुचवत जाते, त्या मान हलवत जातात, हवा तो मिळाला की टेबलावर थाप मारतात. मधल्या शांतता मी टाइप करत नाही. त्यांची तशी सक्त ताकीद आहे. विनोद मात्र सगळे त्यांचेच आहेत, मला एकही सुचत नाही.

चौकटी कशाला हव्यात ते आता तुला कळेल. चित्र समोर असलं तर बोलावं लागणार नाही. काठीने दाखवता येईल.

अक्रोडही त्यांना सध्या चावताना जड जातात.

मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

टायपिस्ट


७ डिसेंबर

प्रिय आजी,

चूक कबूल. मान्य. तू समोर असतीस तर कान पुढे केला असता.

मनात होतं सरळ गाडी पकडावी आणि यावं. सहजच. साहेबांनी कारण न विचारता चार दिवसांची रजा दिली. पिशवीही भरली. मग तुझं वाक्य आठवलं, काम तिथे आहे. पिशवी तशीच दाराशी ठेवली आणि रजेचे चारही दिवस घरच्या टेबलाशी बसले.

चित्राचं सामान पहिल्याच दिवशी मिळालं. होतं घरातच, पण झडती भलत्या कपाटात शोधत होती. कपाट दाखवलं, झडती पार पडली, वीस मिनिटं घडवलं, बसवलं. उघडलं तर पान तसंच, चौकटीबिकटी काही नाही. पुन्हा केलं. तसंच. तिसऱ्यांदा. तसंच. दोन दिवस मी त्या यंत्राला काय काय बोलले ते बाईंना वाचायला लागू नये म्हणून लिहीत नाही.

तिसऱ्या सकाळी चहा गाळताना कळलं. दर वेळी घडवताना यंत्र आधीचे तयार तुकडे पुन्हा वापरतं, वेळ वाचावा म्हणून. ते तुकडे होते 'चित्र राहू दे' म्हटल्या वेळचे. मी नवा हुकूम देत होते आणि ते जुनंच जोडत होतं. तू रंगाची कढई न घासता दुसरा रंग टाकणाऱ्या बाईला शेडबाहेर काढलं होतंस, आठवतं? मी तीच बाई. सगळे जुने तुकडे पुसून काढले, पार तळापर्यंत. पहिल्यापासून झडती, पहिल्यापासून घडण, आणि या वेळी चाचण्याही एकूण एक.

आजी, चौकटी आल्या. निळ्या, पांढऱ्या, सोडलेल्या जागा राखी. तिसरा मासा तर मी विसरलेच होते, त्या वाकड्या शेपटीचा. मी टेबलावर थाप मारली.

चिटणीसकाकांची माफी मागितली आहे. त्यांनी ऑफिसातला मोठा पडदा शेडमध्ये, तुझ्या स्टुलासमोर, पोरींनाही दिसेल असा लावायचं कबूल केलंय. एका वेळी एकच ओळ दिसेल. पुढची हवी की टेबलावरचं मोठं बटण दाबायचं, त्यावर अक्षर नाही, फक्त बाण आहे. तू फक्त दाखव. घाई नाही.

सोबत बिस्किटांचा डबा पाठवतेय. इथे नवीन मिळायला लागलीत, म्हटलं चव बघ.

तुझी नात


७ जानेवारी

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

बिस्किटं खाल्ली. तोंडात ठेवायच्या आधीच विरघळतात. बाळाला पहिल्यांदा भरवतात तसली. जी मुलगी दहा वर्षं मला दगडासारखे अक्रोड पाठवते, ती एकाएकी अशी बिस्किटं 'चव बघ' म्हणून पाठवते, तेव्हा मला काय समजायचं ते समजलं. डबा टेबलावर ठेवला आणि बाईंकडे बघितलं. चाळीस वर्षं खोट्या साक्षी ऐकल्या, पण स्वतःला एक देता येईना. कानांच्या पाळ्या लाल. (हे खरं आहे. टायपिस्ट.) तेव्हा सगळं उघड झालंय. बाईंवर रागावले नाही. दोन दिवस चहा दिला नाही, एवढंच.

तर ऐक. पडदा अकरा तारखेला लागला. चिटणिसाने स्वतः शिडीवर चढून लावला आणि उतरताना पाय मुरगळून घेतला, ते तुझ्या पत्राच्या हिशेबात धर. मी मोडक्या छत्रीची दांडी घेतली. बटण दाबलं, सातशे तिसरी ओळ आली. एकेका चौकटीवर दांडी टेकवत गेले. पहिल्या दिवशी तीन ओळी. पोरींना सवय नव्हती, मलाही. मग मला सुचलं, ताल तोंडातच असायला हवा असं कुठे आहे? निळ्याला दांडी लांब ओढायची, पांढऱ्याला टक् करून टेकवायची, 'सोडा' असेल तिथे खाली टाकायची. चौथ्या दिवशी आठ ओळी झाल्या. गोगलगाय म्हणाली, "आजी आधीपेक्षा बरं सांगतात." तिचं त्या दिवसाचं तिसरं वाक्य.

पंधरा तारखेला चिटणीस लंगडत आला. बघत उभा राहिला. मी त्याच्याकडे न बघता दांडीने दार दाखवलं. एक ओळ संपल्यावर गेला, पण हसत गेला.

आता मुख्य गोष्ट. दहा दिवसांपूर्वी आठशे अकरावी ओळ आली. सहावा मासा, डोक्याची ओळ. दांडी चालवतेय, निळा, निळा, पांढरा, पांढरा, निळा, आणि थांबले. माशाला डोळाच नव्हता. तुझ्या पानात डोळ्याच्या जागी पांढरी चौकट. पन्नास वर्षं मी नक्षी सांगितली, आंधळा मासा एकही पाण्यात सोडला नाही.

आता दाखवू काय? पडद्यावर नाही ते दांडीने दाखवता येत नाही. मी त्या चौकटीवर टक् टक् करतेय, मिरची म्हणते, "हो आजी, पांढरा, कळलं," आणि पांढरा दोरा उचलते. मी मान हलवते, ती म्हणते, "मग निळा?" मी जोरात मान हलवते. ती सगळ्या रंगांचे दोरे माझ्यापुढे धरायच्या ऐवजी, शहाणी, पांढराच दोरा ओढून गाठ मारायला लागली. तेव्हा मी ओरडले.

"काळा!"

पहिल्या फटक्यात. स्वच्छ. शेडच्या पत्र्यापर्यंत गेला आवाज. पंजे थांबले. मिरची तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिली, मग रडायला लागली, आणि रडतारडताच काळा दोरा शोधायला लागली. बाई तेव्हा दारात होत्या. त्यांनी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली, पुरावा म्हणून. (अकरा वाजून दहा मिनिटे. साक्षीदार सहा. टायपिस्ट.)

सगळं परत आलं असं समजून नाचू नकोस. काल लाल म्हणायचं होतं तर पुन्हा निळाच आला. पण दहा दिवसांत काळा आला, पांढरा आला, आणि 'सोडा' तर आज सकाळपासून सोडतच नाही. दांडी चालूच ठेवणार आहे, तिचा ताल पोरींना आवडलाय. हे पत्र एका दुपारचं आहे. बाई अजून ताज्या आहेत. आठशे अठ्ठ्याहत्तर ओळी झाल्या, समुद्र सातशे बासष्ट ओळींवर आहे, एप्रिलात पोचतो. तेव्हा ये. पिशवी दाराशीच असू दे.

राहता राहिला तो डोळा. मी विचार केला, माझ्या डोक्यात डोळा आहे, तुझ्या पानात का नाही? मग आठवलं. त्या दुपारी सहावा मासा सांगताना मी 'एक काळा' म्हणाले, आणि तू टेबल सोडून दारापाशी होतीस. दाराच्या बिजागरीत अक्रोड घालून दार लोटत होतीस, कडाकड. म्हणालीस, "ऐकतेय गं, ऐकतेय." दहा वर्षं तो मासा आंधळा पोहत होता तुझ्या त्या कवचांपायी. तेव्हा विसरभोळे, माझं डोकं तपासण्याआधी तुझं पान दुरुस्त कर. आठशे अकरा, डावीकडून एकशे सव्विसावी चौकट, काळी. ती केलीस की आठशे एकोणऐंशीपासून पुढचं सगळं मी स्वतः नजरेखालून घालणार आहे. त्या सुट्टीत तू किलोभर अक्रोड फोडले होतेस.

आणि डबा परत पाठवतेय, त्यात पुन्हा मऊ काही भरू नकोस. अक्रोड भर. दोन किलो, कवचासकट. बिजागरी माझ्याकडे आहे.

तुझी आजी